प्रशिक्षण झालं, पुढच्या महिन्यात वर्गात कोण येणार?

शाळा सुधारायची म्हटलं की आपल्याकडे पहिलं औषध ठरलेलं असतं : प्रशिक्षण. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार करायचे, त्यांनी जिल्ह्याला शिकवायचं, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला. नागपूरच्या डाएटमधून, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतून, निघालेली गोष्ट उमरेडमार्गे मकरधोकड्याच्या किंवा बेल्याच्या वर्गात पोचेपर्यंत तिच्यात काय उरतं, हे शिक्षकांना कोणी सांगायला नको. तरी हजेरीपट भरला, चार्टपेपर भिंतीला लागले, समारोपाचा चहा झाला की प्रशिक्षण यशस्वी!

गैरसमज : प्रशिक्षण चांगलं असेल तर शिकवणं आपोआप बदलतं.

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात हे नीट तपासून पाहिलं गेलं. पहिली-दुसरीच्या मुलांना सेत्स्वाना या मातृभाषेत वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांचे गट केले. पाठांचं नियोजन आणि वाचनसाहित्य दोन गटांना सारखंच. एका गटाला एके ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटाकडे मार्गदर्शक नियमितपणे वर्गात येत राहिला. दोन वर्षांनी पाहिलं तर मुलांच्या वाचनातली वाढ दुसऱ्या गटात जवळपास दुप्पट होती. खर्च जास्त आला, पण त्या खर्चात पदरात पडलेलंही जास्त होतं.

आपल्या देशातला दाखला मला त्याहून बोलका वाटतो. बिहारमध्ये प्रथम या संस्थेने शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं. तेवढ्यावर मुलांच्या शिकण्यात फारसा फरक पडला नाही. पुढे 2012-13 मध्ये हरियाणात वेगळी वाट धरली. मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार केले आणि त्यासाठी रोजचा एक तास राखून ठेवला. आणि शाळांवर देखरेख करणाऱ्या गटपातळीवरच्या अधिकाऱ्यांना आधी स्वतः 15 ते 20 दिवस वर्गावर उभं करून शिकवायला लावलं. मग ते शिक्षकांकडे गेले. हिंदी वाचनात फरक दिसला. स्वतः खडू हातात धरलेला माणूस सूचना देतो तेव्हा शिक्षक ती ऐकून घेतो, ही काही गूढ गोष्ट नाही.

गैरसमज : वर्गात कोणी बसायला येणं म्हणजे तपासणी.

हा समज शिक्षकांचा आहे आणि तो त्यांनी हवेतून आणलेला नाही. साहेब येतात, दप्तर पाहतात, पोषण आहाराची नोंदवही उघडतात, दोन मुलांना पाढे म्हणायला लावतात, शेरेबुकात ‘अध्यापनात सुधारणा आवश्यक’ असं लिहून निघतात. सुधारणा कुठली, कशी, ते शेऱ्यात नसतं.

याच भेटीचं दुसरं रूप कसं असू शकतं, ते पाहा. समजा, तालुक्यातल्या एखाद्या दोन शिक्षकी शाळेत तिसरीला वजाबाकी चालली आहे : 43 वजा 27. आसपासच्या शाळांना मार्गदर्शन करणारे केंद्रप्रमुख मागे मुलांत मांडी घालून बसले आहेत. शेजारच्या मुलीने उत्तर काढलं 24. "कसं काढलंस, बेटा?" "सातातून तीन गेले चार, चारातून दोन गेले दोन." मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम तिने स्वतःच करून घेतलाय आणि ती तो अगदी प्रामाणिकपणे पाळतेय. मधल्या सुट्टीत ते म्हणतात, "मॅडम, चार वह्यांमध्ये 24 आहे, आणि चौघांची चूक एकच आहे. दशकाचा गठ्ठा सोडून पाहिलेला नाही त्यांनी. उद्या काड्या घेऊन बसू का? पहिलं उदाहरण मी घेतो, दुसरं तुम्ही घ्या." एवढंच. आठवड्याभराने पुन्हा येऊन त्याच चार वह्या पाहायच्या. इथे पाहणी मुलांच्या विचाराची झाली, बाईंची नव्हे. आणि शेरेबुकात लिहायला फारसं काही उरलं नाही.

गैरसमज : यशस्वी शाळा पाहून आलं की तिचं अनुकरण करता येतं.

सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा समूह, आठवा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला त्या सुमारास राज्यभरातले शिक्षक कुमठ्याला जाऊन वर्ग पाहू लागले. परत आल्यावर अनेक ठिकाणी पहिलं काम कुठलं झालं? फरशीवर ऑइलपेंटने गोल, चौकटी, अंकांचे तक्ते. रंगाला नावं ठेवायचं कारण नाही, मुलं त्यावर आनंदाने बसतात. पण कुमठ्यात फरशीच्या आधी शिक्षकांचं एकमेकांशी बोलणं होतं, फसलेले प्रयोग होते, आणि आज काय जमलं नाही हे अधिकाऱ्यासमोर सांगता येण्याइतका मोकळेपणा होता. बसमधून जाऊन आलेल्याला फरशी दिसते. तिचा फोटो काढता येतो.

गैरसमज : अशी सोबत करायला आपल्याकडे यंत्रणाच नाही.

आहे, आणि कागदावर तरी चांगली आहे. आसपासच्या शाळांनी मिळून एकमेकींना हात द्यावा, ही शाळासंकुलाची कल्पना 1964-66 च्या कोठारी आयोगाने मांडली. त्याचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. महाराष्ट्रात 1994 साली साधारण दहा शाळांमागे एक असं केंद्रप्रमुखाचं पद आलं, ते शैक्षणिक मार्गदर्शनासाठीच. दरमहा केंद्राची शिक्षण परिषद भरते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान 50 तास सांगितले आहेत. अडचण आहे ती केंद्रप्रमुखाचा दिवस जातो कुठे, यात. ‘माहिती तातडीने आजच सादर करावी’ या एका ओळीने किती शाळाभेटी गिळल्या असतील! त्यात कितीतरी केंद्रांचा कारभार अतिरिक्त प्रभारावर. शिक्षण परिषदेत निम्मा वेळ परिपत्रकं वाचण्यात जात असेल, तर शिक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं म्हणून त्यांना बोल लावू नये.

सोबत असली की सगळं सुटतं, असंही नाही. संशोधक मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये शिक्षकांना अशी सोबत देण्याच्या 60 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शिकवण्यात चांगला बदल दिसला, मुलांच्या निकालात त्याहून कमी. आणि कार्यक्रमातल्या शिक्षकांची संख्या वाढत गेली तसा परिणाम घटत गेला. त्यामुळे अख्ख्या जिल्ह्यात एकाच दिवशी फीत कापण्यापेक्षा एक केंद्र, एक विषय आणि पुरेसा वेळ, हे बरं.

गैरसमज : एक झपाटलेला शिक्षक पुरे.

त्याची बदली होईपर्यंत. दोन शिक्षकी शाळेत एक बदली म्हणजे अर्धी शाळा बदलली. कामाची रीत दोघांनाही माहीत असेल तर नव्याने आलेल्याला ती दाखवायला कोणीतरी उरतं. पण ती रीत शिकायला तिथे एकमेकांचा तास पाहायचा कसा? एक उठून गेला की दोन-तीन इयत्ता उघड्यावर. नागपूरहून अपडाऊन करणाऱ्यांना शाळा सुटल्यावर थांबवणंही अवघड, बस कोणासाठी थांबत नाही. त्यातल्या त्यात सोपी सोय अशी, की केंद्रप्रमुखाने महिन्यातला एखादा तास स्वतः एका शिक्षकाचा वर्ग घ्यायचा आणि तेवढ्या वेळात त्या शिक्षकाने शेजारच्या वर्गात किंवा जवळच्या शाळेत जाऊन बसायचं. शिक्षकाचं पाहणं होतं, केंद्रप्रमुखांचा शिकवण्याचा सराव राहतो. हरियाणाने आपल्या अधिकाऱ्यांकडून करून घेतलं ते याहून फार वेगळं नव्हतं.