काटापट्टी, नवतपा आणि एसएसडी

तुरीची गाडी काट्यावर चढते, वजन होतं, आकडा संगणकात जातो, पडद्यावर ‘नोंद झाली’ असं उमटतं आणि काटापट्टी छापून बाहेर येते. तेवढ्यात लाइन जाते. अकोल्याची दालमिल असो की अमरावतीकडचं जिनिंग, वादळी पावसाच्या दिवसांत असं कुठंही घडू शकतं. लाइन परत येते तेव्हा शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीवर वजन असतं, डेटाबेसमध्ये मात्र नोंदच नसते. शिव्या खातो सॉफ्टवेअरवाला. खोटं एसएसडी, म्हणजे संगणकातली फ्लॅश मेमरीची साठवण, बोलली असेल, अशी शंका कुणाला येत नाही.

नोंद पक्की करताना डेटाबेस एसएसडीला बजावतो: आधी कायमचं लिही, मगच ‘झालं’ म्हण. पण फ्लॅश मेमरीत लिहायचं म्हणजे विद्युतरोधक थरांच्या आड इलेक्ट्रॉन कोंडायचे, आणि त्याला वेळ लागतो. शिवाय लिहिता येतं छोट्या पानांत, पुसायचा मात्र कित्येक मेगाबाइटचा अख्खा ब्लॉक. म्हणून एसएसडी आलेला मजकूर आधी स्वतःच्या, वीज जाताच कोरी होणाऱ्या रॅममध्ये घेते. कोणती नोंद कुठे ठेवली त्याचा नकाशाही बहुधा तिथेच असतो. काही स्वस्त एसएसडी रॅमपर्यंत माल पोचताच ‘झालं’ म्हणून मोकळ्या होतात. वीज गेली की ताजी नोंद गेली. नकाशा अर्धवट लिहिला गेला असेल, तर जुन्या नोंदीही बेपत्ता. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आणि एचपी लॅब्सच्या संशोधकांनी 2013 मध्ये 15 एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली. 13 मध्ये काही ना काही बिघाड निघाला.

याला उपाय आहे. ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ असलेल्या सर्व्हरच्या एसएसडीवर जास्तीचे कपॅसिटर बसवलेले असतात. लाइन गेली तरी रॅममधला ऐवज फ्लॅशमध्ये उतरवण्यापुरती वीज ते पुरवतात. अशी एसएसडी महाग पडते, पण डेटाबेससाठी बहुतेक वेळा वेगवानही ठरते, कारण रॅममध्ये आलेली नोंद ती बिनधास्त ‘पक्की’ म्हणू शकते. खोक्यावरचा सेकंदाला 7,000 मेगाबाइटचा आकडा मोठ्या फायलींचा असतो. काट्यावरच्या चिमूटभर नोंदींना त्याचा काय उपयोग? ‘यूपीएस आहे ना’ म्हणणाऱ्यांनी त्याची बॅटरी शेवटची कधी बदलली ते आठवून पाहावं. आपल्याकडच्या उन्हात ती लवकर मरते.

दुसरा शत्रू तापमान. मे 2020 मध्ये अकोल्याचा पारा 47 अंशांपुढे गेला होता. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे, लेखनाची ठरलेली मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीनं बंद अवस्थेत 30 अंशांना एक वर्ष डेटा टिकवायचा असतो. सर्व्हरच्या एसएसडीनं 40 अंशांना तीन महिने. तापमान वाढलं की कोंडलेले इलेक्ट्रॉन अधिक झपाट्यानं निसटतात. नव्या एसएसडीला याची फारशी भीती नाही. पण झिजलेली एसएसडी ‘बॅकअप’ म्हणून टिनाच्या खोलीतल्या कपाटात टाकून देणं नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, धोक्याचंच. त्यापेक्षा साधी हार्ड डिस्क बरी, तीही थंड जागी.

एसएसडीच्या आयुष्याची काळजी लोक उगाच करतात. एक टेराबाइटच्या घरगुती एसएसडीला 600 टेराबाइट लेखनाची हमी सर्रास मिळते. एका काट्याच्या नोंदींनी ती संपणं अवघड. गूगलच्या यंत्रणांवरच्या 2016 च्या अभ्यासातही लेखनाच्या झिजेखेरीज नुसतं वयही महत्त्वाचं दिसलं.

दोन एसएसडींची आरशासारखी, दोन्हींवर तीच नोंद ठेवणारी जोडी लावायची, तर एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या नकोत. 2019 मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्रायझनं जाहीर केलं, की आपल्या काही एसएसडी बरोबर 32,768 तास चालल्यावर, म्हणजे पावणेचार वर्षांच्या आतच, फर्मवेअरच्या चुकीमुळे बंद पडतील. एकदम सुरू केलेली जोडी एकदमच जाणार!

नवी एसएसडी काट्यावर लावण्याआधी तिच्यावर सतत नोंदी लिहाव्यात, ‘झालं’ म्हटलेली प्रत्येक नोंद दुसऱ्या संगणकावर टिपावी आणि मध्येच यंत्राची वायर उपटावी. असं चार-पाचदा करून हिशेब जुळवावा. एक नोंद जरी कमी भरली, तर माल दुकानदाराला परत.