त्रयीत पहिला नंबर कुणाचा?

सिनेमाचा विषय निघाला की आपल्या वस्तीत दोन तट पडतात आणि नंबर लावायची वेळ आली की चार. आमच्या वाचनालयातल्या मुलांनी गेल्या पावसाळ्यात असाच एक वाद उकरून काढला. एकाच कथेचे किंवा एकाच धाग्यात ओवलेले तीन सिनेमे असतात, त्याला त्रयी म्हणतात. अशा त्रयींत सगळ्यांत चांगली कोणती? मुलांनी फळ्यावर नावे लिहिली. ‘गॉडफादर’, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, बॅटमनचे ‘डार्क नाइट’वाले तीन. मग खडू आमच्या हाती दिला. आम्ही ‘अपू’ असे लिहिले. त्यावर बी.ए.ला असलेला एक मुलगा म्हणाला, “दादा, तो तर भटजीचा पोरगा. त्याला पहिला नंबर, आणि तोही आपल्या वाचनालयात?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सत्यजित राय यांचे ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) हे तीन बंगाली सिनेमे. मूळ कथा विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबऱ्यांची. पहिल्या भागात खेड्यातले पडके घर, पूजाअर्चा करून पोट न भरणारा बाप हरिहर, सतत काळजीत असलेली आई सर्वजया, थोरली दुर्गा आणि धाकटा अपू. जमीनदाराकडे हरिहरचा पगार थकलेला असतो आणि तो मागायचा त्याला धीर होत नाही. हे दृश्य आले तेव्हा आमच्या शेजारी बसलेले एक गिरणीतले निवृत्त गृहस्थ खोकल्याचे निमित्त करून बाहेर जाऊन आले. दुर्गा पावसात भिजते, तापाने जाते. बाप परगावाहून तिच्यासाठी साडी घेऊन येतो, तेव्हा मुलगी राहिलेली नसते.

हा सिनेमा कसा तयार झाला हे आमच्यासारख्या कारकुनाला विशेष आवडते. राय जाहिरातीच्या कंपनीत नोकरी करीत होते. चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी. कॅमेरा धरणारे सुब्रत मित्र एकविशीतले, आणि सिनेमाचा कॅमेरा त्यांनी त्याआधी चालवलेला नव्हता. म्हाताऱ्या आत्याचे काम करणाऱ्या चुनीबाला देवी ऐंशीच्या घरात होत्या. सिनेमा प्रदर्शित होण्यापूर्वीच त्या गेल्या. पैसे संपले, पत्नीचे दागिने गहाण पडले, काम महिनोन्‌महिने बंद राहिले. शेवटी डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असताना पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. आता सिनेमासाठी सरकारी लेखाशीर्ष कुठले? नावात ‘पथ’ आहे म्हणून तो खर्च रस्ते सुधारणेच्या नावे दाखवला गेला. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सरकारी बिल मंजूर करून घेतले आहे त्यांना याची गंमत कळेल. १९५६ साली कान महोत्सवात या सिनेमाचा सन्मान झाला. रस्ता बरा झाला म्हणायचा!

पण आमचा पहिला नंबर आहे तो खरे म्हणजे दुसऱ्या भागामुळे.

‘अपराजितो’त बाप काशीला मरतो. आई एका श्रीमंताच्या घरी स्वयंपाक करते. पुढे एका नातलगाच्या आसऱ्याने दोघे खेड्यात येतात आणि अपू बापाचा धंदा, म्हणजे पूजा सांगण्याचे काम, सुरू करतो. एके दिवशी तो शाळेतली मुले पाहतो आणि आईला म्हणतो, मला शाळेत घाल. आई घालते. मुलगा हुशार निघतो, शिष्यवृत्ती मिळते, कलकत्त्याला जायचे ठरते. आई चिडते, थोबाडीत मारते, आणि मग स्वतःच साठवलेले पैसे काढून देते. मुलगा शहरात रात्री छापखान्यात काम करतो, दिवसा कॉलेज. सुट्टीत घरी येतो तो झोपून राहतो. आईला बोलायचे असते, हा पुस्तकातून मान वर काढत नाही. एकदा मात्र स्टेशनापर्यंत जाऊन, तिकीट काढून परत येतो आणि गाडी चुकली असे खोटेच सांगतो. आई आजारी पडते. परीक्षा बुडेल म्हणून कळवत नाही. झाडाखाली बसून लांबून जाणारी आगगाडी पाहते. तो येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आम्ही हे तिन्ही भाग वस्तीतल्या सभागृहात तीन शनिवार चादरीवर दाखवले. खाली अक्षरे इंग्रजी, भाषा बंगाली. आमच्यापैकी एकजण मोठ्याने मराठीत अर्थ सांगत होता. ‘अपराजितो’च्या शेवटच्या अर्ध्या तासात त्याला बोलायची गरज पडली नाही. महिला मंडळाच्या एक ताई, ज्यांनी धुणीभांडी करून दोन मुलांना इंजिनिअर केले, त्या घरी जाताना एवढेच म्हणाल्या, “माझा बी असाच झोपतो आला की.” त्यांचा मुलगा पुण्याला असतो. दिवाळीत दोन दिवस येतो.

आपल्याकडे शिक्षणावर भाषणे पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवीत. एस.एस.सी. झालेल्या मुलाचा सत्कार होतो, पदवीधराचा फोटो आपल्या अंकात येतो. फोटोत आई मागे उभी असते, कधी अर्धी कापलेली. मुलगा शिकला, साहेब झाला, वस्ती सोडून फ्लॅटमध्ये गेला. त्या शिकण्याची किंमत कुणी किती मोजली, याचा हिशेब आम्ही सिनेमात एवढा चोख मांडलेला दुसरीकडे पाहिला नाही. आणि राय त्यात मुलाला दोषी धरत नाहीत. आई गेल्यावर नातलग सांगतो, इथेच राहा, पूजा सांग. अपू नाही म्हणतो आणि गाठोडे उचलून कलकत्त्याची वाट धरतो. त्याने जायलाच हवे होते, आणि आईचे दुःखही खरे होते. दोन्ही एका वेळी. हा सिनेमा ऑक्टोबर १९५६ मध्ये पडद्यावर आला, म्हणजे नागपूरला दीक्षा झाली त्याच महिन्यात. योगायोगच, पण लक्षात राहतो.

आता त्या मुलाचा प्रश्न. अपू गरीब आहे, पण त्याच्यासाठी दारे उघडतात. शाळेत त्याला कुणी बाहेर बसवत नाही. हेडमास्तर पुस्तके आणि पृथ्वीचा गोल देतात. छापखान्याचा मालक खोली देतो. जात विचारली गेली तरी तिची अडचण होणार नाही अशी त्याची जात आहे. त्याच्या जागी आपल्यापैकी कुणी असता तर दुसरा भाग शाळेच्या फाटकावरच संपला असता, हे आम्हांला मान्य आहे. म्हणून त्रयीचा दुसरा नंबर आम्ही मुद्दाम ऋत्विक घटक यांना देतो, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दोघांत फार अंतर ठेवत नाही.

घटकांच्या ‘मेघे ढाका तारा’ (१९६०), ‘कोमल गांधार’ (१९६१) आणि १९६२ साली तयार होऊन १९६५ साली लोकांपुढे आलेल्या ‘सुवर्णरेखा’ या तीन सिनेमांत माणसे निराळी, कथा निराळ्या. धागा एकच, फाळणीने घरातून उठवलेली माणसे. ‘मेघे ढाका तारा’तली नीता निर्वासित कुटुंबाची कमावती मुलगी. पहिल्यांदा दिसते तेव्हा तिच्या चपलेचा पट्टा तुटतो. पगाराच्या दिवशी सगळे तिच्याभोवती जमतात, प्रत्येकाला काहीतरी हवे असते, तिला नवी चप्पल कुणी घेत नाही. आपल्या वस्तीतल्या नर्स, बालवाडी शिक्षिका, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुली, ज्यांच्या लग्नाचा विषय घरात ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून ढकलला जातो, त्यांनी हा सिनेमा आईवडिलांना शेजारी बसवून पाहावा.

आणि ‘सुवर्णरेखा’. निर्वासितांच्या वसाहतीत एका बागदी बाईला जागा मिळत नाही, जमीनदाराची माणसे तिला उचलून नेतात. मागे राहिलेल्या तिच्या मुलाला, अभिरामला, ईश्वर नावाचा माणूस आपल्या धाकट्या बहिणीबरोबर वाढवतो. शिकवतो, जीव लावतो. मुले मोठी होतात, अभिराम आणि सीता एकमेकांना पसंत करतात. मग स्टेशनवर मरायला टेकलेली एक बाई अभिरामला दिसते. ती त्याची आई. तिच्यामुळे त्याची जात उघड होते, आणि इतकी वर्षे बापासारखा वागलेला ईश्वर मागे सरतो. लक्षात घ्या, ईश्वर दुष्ट नाही. भला आहे, सुशिक्षित आहे, स्वतः घर गमावलेला आहे. तरीही. सहा दशकांपूर्वीचा हा सिनेमा, पण आंतरजातीय लग्नाच्या बोलणीत ‘आम्हांला काही नाही हो, लोक काय म्हणतील’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना ईश्वर ओळखीचा वाटेल.

मग पहिला नंबर घटकांना का नाही? कारण ‘कोमल गांधार’ आमच्या मंडळींना जड गेला. नाटकवाल्यांची आपसातली भांडणे त्यात फार आहेत. त्रयीला नंबर द्यायचा तर तिन्ही भागांना मिळून द्यायचा, एवढाच आमचा नियम. तो मुलगा अजून पटवून घेत नाही. न घेवो.

तिसरा नंबर इराणच्या अब्बास किआरोस्तामी यांना. ‘मित्राचे घर कुठे आहे’ असा अर्थ होणारा पहिला सिनेमा १९८७ चा. वर्गमित्राची वही चुकून एका मुलाच्या दप्तरात येते. उद्या वहीत अभ्यास नसला तर मित्राला शाळेतून काढतील, म्हणून हा पोरगा डोंगरापलीकडच्या गावात त्याचे घर शोधत हिंडतो. मोठी माणसे त्याचे ऐकूनच घेत नाहीत. एवढीच कथा. लहान मुलांना आमच्याकडे हाच सगळ्यांत आवडला. पुढे १९९० च्या जून महिन्यात त्या भागात मोठा भूकंप झाला आणि दुसऱ्या सिनेमात (१९९२) एक दिग्दर्शक आपल्या मुलाला घेऊन त्या पोरांचा शोध घ्यायला निघतो. तिसऱ्यात (१९९४) एका गरीब गवंड्याला मुलगी देत नाहीत, कारण तो निरक्षर आणि त्याला घर नाही. त्यावर तो म्हणतो की घरवाल्यांनी घरवाल्यांशी आणि शिकलेल्यांनी शिकलेल्यांशीच लग्ने केली तर बाकीच्यांचे चालायचे कसे? शहाणा गवंडी आहे.

‘गॉडफादर’ चौथा. पहिले दोन भाग (१९७२ आणि १९७४) कसबी आहेत, दोघांनाही ऑस्कर मिळाले. तिसरा सोळा वर्षांनी, १९९० साली आला आणि तो नसता तरी चालले असते. खुनाखुनीला घराण्याची इभ्रत म्हणून दाखवतात ते आम्हांला रुचत नाही, पण थोरला मुलगा होऊ पाहणारा धाकटा कसा एकटा पडत जातो ते पाहण्यासारखे आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या भागाला अकरा ऑस्कर मिळाले. आम्हांला त्यात झोप लागली. मुलांनी क्षमा करावी.

आता सुटे सिनेमे. आमचा सर्वकाळचा आवडता एकच विचाराल तर ‘दो बिघा जमीन’ (१९५३). दिग्दर्शक बिमल रॉय, शंभूच्या कामात बलराज साहनी. जमीन वाचवण्यासाठी शेतकरी कलकत्त्यात माणसे वाहणारी रिक्षा ओढतो. इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) त्याच्या शेजारी. त्यातला बाप रंगवणारा माणूस नट नव्हता, कारखान्यातला कामगार होता. हाच सिनेमा १९५० साली लंडनला पाहून राय यांनी आपला मार्ग पक्का केला. मराठीत ‘फँड्री’ (२०१३). शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आणि त्या भिंतीसमोरून डुक्कर खांद्यावर घेऊन चाललेले जब्याचे घर, हे दृश्य पाहून सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही, शिट्टीही नाही. ‘कोर्ट’ (२०१४) मधला शाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार २०२१ साली कोविडने गेले. तोही सिनेमा पाहावा, सावकाश चालतो तरी.

नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’, ‘सैराट’ (२०१६) आणि ‘झुंड’ (२०२२) मिळून त्रयी मानावी, असे त्याच बी.ए.च्या मुलाचे म्हणणे. घटकांचे तीन मानता, तर हे का नको? मुद्दा बिनतोड आहे. फळ्यावर त्याने ते लिहून ठेवले आहे, नंबर न घालता. आमचा आक्षेप इतकाच, की ‘सैराट’ लेकराच्या पावलांवर थांबतो. ते लेकरू पुढे कुणी वाढवले, शाळेत त्याचे नाव कसे लागले, आडनाव कुणाचे, हा दुसरा भाग अजून कुणी काढलेला नाही. अपूला तिसरा भाग मिळाला. त्यात बायको बाळंतपणात गेल्यावर तो पाच वर्षे मुलाचे तोंड पाहत नाही, आणि मग एके दिवशी येऊन त्याला खांद्यावर घेतो.

अपूच्या तिन्ही सिनेमांच्या मूळ फिती १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेतल्या आगीत जळाल्या होत्या. जळके तुकडे जपून ठेवले गेले, इटलीत बोलोन्याला एकेक चौकट साफ करून जोडली गेली, आणि २०१५ साली तिन्ही पुन्हा स्वच्छ पाहायला मिळाले. तेव्हा जुनी पुसट प्रत पाहून ‘अंधारच दिसतो’ म्हणणाऱ्यांनी नवी पाहावी. मोबाईलवर नको. आगगाडी बोटाएवढी दिसते.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजता, सभागृहात ‘सुवर्णरेखा’ आहे. शेवट फार कठोर असल्याने बारा वर्षांखालील मुलांना आणू नये. त्यांच्यासाठी वरच्या खोलीत वहीवाल्या मुलाचा सिनेमा लावणार आहोत. चटया घरून आणाव्यात.