ग्लिसरीनची खरी ओळख

ग्लिसरीन आणि डायएथिलिन ग्लायकॉल शेजारी ठेवले, तर डोळ्यांना फरक कळत नाही. दोन्ही रंगहीन, दाट, गोड. पहिले अनेक औषधांचा आधार. दुसरे मूत्रपिंडे निकामी करणारे विष. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध-प्रशासनातील दोष उघड केले.

पोटॅशियम बायसल्फेटसह तापविल्यास ग्लिसरीनमधून ॲक्रोलीनचा झोंबणारा वास येतो. ही जुनी कसोटी ग्लिसरीनचे अस्तित्व सांगते. त्यात विष नाही, याची ग्वाही देत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी हवी. विषाची कमाल मर्यादा ०.१ टक्का. अमेरिकन औषधकोशाने २००९ मध्ये ही तपासणी थेट ‘ओळख’ या सदरात घातली. तीत अनुत्तीर्ण झालेला द्रव ग्लिसरीन म्हणून गणलाच जात नाही.

तरीही २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात बालके दगावली. त्यांना दिलेल्या सिरपच्या नमुन्यांत हेच विष आढळले. खोकल्याचे औषध घेणाऱ्या बालकाची लघवी अकस्मात थांबली, तर चिकित्सकाने औषध तत्काळ बंद करावे आणि बाटली जपून ठेवावी. प्रयोगशाळेची साक्ष त्या बाटलीतच असते.