ज्या-फलनाची महत्तम व लघुतम मूल्ये

ज्या (साइन) या त्रिकोणमितीय फलनाची सर्वांत मोठी व सर्वांत लहान मूल्ये आलेख न काढताही निश्चित करता येतात. १ एकक त्रिज्येच्या वर्तुळावरील बिंदूचे आडव्या व्यासापासूनचे चिन्हासह लंबांतर म्हणजे त्या कोनाची ज्या होय. हे अंतर त्रिज्येहून अधिक होऊ शकत नाही. म्हणून ज्या क्ष चे मूल्य नेहमी –१ ते +१ या मर्यादेत राहते. ९०° ला ते +१ व २७०° ला –१ असते आणि दर ३६०° नंतर त्याच मूल्यांची पुनरावृत्ती होते.

यावरून य = ड + अ ज्या (ब क्ष + क) या फलनाचे (ब शून्य नसताना) महत्तम मूल्य ड + |अ| व लघुतम मूल्य ड – |अ| येते. ब व क यांमुळे ही मूल्ये कोठे येतात एवढेच बदलते. अ ऋण असल्यास महत्तम व लघुतम मूल्यांच्या जागांची अदलाबदल होते. अ ज्या क्ष + ब कोज्या क्ष या बेरजेचे रूपांतर एकाच ज्या-फलनात करता येते व त्याचा परमप्रसर √(अ² + ब²) असतो, उदा., ३ ज्या क्ष + ४ कोज्या क्ष याची मूल्ये ५ व –५ यांच्या दरम्यान राहतात.

सातारा जिल्ह्यातील लोणंद (उत्तर अक्षांश सु. १८°) येथील दिनमान हे याचे व्यावहारिक उदाहरण होय. वातावरणातील प्रकाशाचे वक्रीभवन वगळल्यास तेथील दिनमान स्थूलमानाने ७२० + ६५ ज्या भ मिनिटे असते. येथे भ हा वसंतसंपातापासून मोजलेला सूर्याचा भोगांश आहे. म्हणून सर्वांत मोठा दिवस ७८५ मिनिटांचा (१३ तास ५ मिनिटे; २१ जूनच्या सुमारास) व सर्वांत लहान ६५५ मिनिटांचा (१० तास ५५ मिनिटे; २२ डिसेंबरच्या सुमारास) ठरतो.

कोन मर्यादित अंतरालात असेल, तर मात्र वरील नियम तसाच लावणे चुकीचे ठरते. भ ०° ते ६०° असताना (सु. २१ मार्च ते २१ मे) ज्या भ चे मूल्य १ पर्यंत पोहोचतच नाही, महत्तम दिनमान सु. ७७६ मिनिटेच येते. अशा वेळी अंतरालाची दोन्ही टोके आणि त्यात ९०° वा २७०° येत असल्यास तेथील मूल्ये, यांची तुलना करावी लागते.

ज्या-फलनाच्या बदलाचा दर कोज्येइतका असतो व महत्तम मूल्यापाशी तो शून्य होतो. भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथात ग्रहांची तात्कालिक गती काढताना ज्येची सूक्ष्म वाढ कोटिज्येच्या प्रमाणात घेतली आहे. याच कारणाने वरील सूत्रानुसार विषुवदिनानंतरच्या १०° भोगांशात दिनमान सु. ११ मिनिटांनी वाढते, तर २१ जूनपूर्वीच्या १०° भोगांशात ते केवळ सु. १ मिनिटाने वाढते.