वर्गातील हसू व शिक्षकाचे काम

पुष्कळ वर्षे आपल्या शाळांत शांततेलाच शिस्त समजण्यात येत असे. तपासणीस साहेब वेशीपाशी आल्याची वर्दी मिळाली की, गुरुजी मुलांना हाताची घडी घालून व तोंडावर बोट ठेवून बसवीत. आणि अशा वेळी एखाद्याला हसू फुटलेच, तर साहेब गेल्यानंतर त्याची धडगत नसे. ती पिढी गेली. साहेबांची सायकल जाऊन मोटार आली, छडी कायद्याने गेली. तथापि हसण्याने कामात व्यत्यय येतो ही समजूत मात्र अनेक शाळांच्या भिंतींत अद्याप मुरलेली आहे. काम वर्गात आणि हसणे मधल्या सुटीत, अशी वाटणी आपण करून टाकलेली आहे.

शाळा हे शिक्षकाचे कामाचे ठिकाण होय, हे आपणांस कोणी सांगावयास नको. परंतु ते मुलाचेही कामाचे ठिकाण आहे, हे आपण सहसा ध्यानी घेत नाही. कचेरीतील कारकून कंटाळला तर उठून चहा घेऊन येतो. शेतावरचा गडी बांधावर घटकाभर टेकतो. सात वर्षांच्या मुलाला ही मुभा नाही. ज्या ठिकाणी सक्तीने बसावयाचे आहे, तेथील हवा मोकळी ठेवण्याची जबाबदारी अर्थातच वडीलधाऱ्यावर येते.

हसण्यासंबंधी शास्त्रज्ञांनी जे शोधून काढले आहे, ते शिक्षकास उपयोगी पडण्याजोगे आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बाजार, रस्ते, विद्यापीठाचे आवार अशा ठिकाणी माणसे केव्हा हसतात याची पुष्कळ वर्षे टिपणे केली. सुमारे 1,200 प्रसंग तपासल्यावर असे आढळले की, ज्या वाक्यानंतर माणसे हसली, त्यांपैकी खरोखर विनोदी म्हणावी अशी वाक्ये शेकडा 10 ते 20 एवढीच होती. उरलेली ‘बरे, येतो मग’ अशा थाटाची साधी वाक्ये होती. एकटे असताना माणूस जितके हसतो, त्याच्या सुमारे 30 पट तो सोबतीत हसतो, असेही त्यांना दिसून आले. म्हणजे हसू हे चुटक्याचे बक्षीस नसून सोबतीची खूण आहे. ज्या शिक्षकबंधूंना ‘मला विनोद सांगता येत नाही’ अशी खंत वाटते, त्यांनी निश्चिंत असावे. वर्गात हसू यावे यासाठी शिक्षकाने विनोदी लेखक असण्याची मुळीच गरज नाही.

उसन्या चुटक्यांवर फार भिस्त ठेवली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी एका बागेत पाच माणसे जमवून हास्यमंडळ सुरू केले. आरंभी सभासद पाळीपाळीने विनोद सांगत व मंडळी हसत. थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला. मग बोचरे व असभ्य विनोद येऊ लागले, आणि लोक नाराज झाले. तेव्हा त्यांनी विनोद सांगणेच बंद केले आणि नुसत्या हसण्याचा व्यायाम सुरू केला. ही चळवळ पुढे परदेशांतही पसरली. वर्गाची गोष्ट याहून निराळी नाही. चुटके संपले की माणूस समोरच्या माणसावर येतो, आणि वर्गात समोरचा माणूस म्हणजे मूल.

या ठिकाणी प्रस्तुत लेखकास स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका खेड्यातील शाळेत मी चौथीचा वर्ग घेत होतो. एक मुलगा धडा वाचताना ‘पाणी’ या शब्दाचा उच्चार ‘पानी’ असा करी. दोन वेळा सुधारले, तिसऱ्या वेळी मी म्हणालो, “काय रे, तुमच्या घरी ‘ण’ शिल्लक राहिला नाही वाटते?” वर्ग खो खो हसला. मीही हसलो, आपण वर्गाला चांगले रंगात आणले असे मला वाटले. त्या दिवसानंतर तो मुलगा मोठ्याने वाचीनासा झाला. उभे केले तर उभा राही, पुस्तक धरी, आणि खाली पाही. मी ते हट्टीपणाचे लक्षण समजलो. पुष्कळ आठवड्यांनी ध्यानात आले की, माझ्या वाक्यात झोंबला तो ‘ण’ नव्हे. ‘तुमच्या घरी’ हे शब्द झोंबले. ‘पानी’ हा त्याच्या आईच्या तोंडचा शब्द होता, आणि तिला चाळीस मुले हसली होती.

त्याची समजूत घालण्याचा मी प्रयत्न केला, पण समजुतीने असे काही भरून येत नाही. ते पुढे माझ्या अज्ञानामुळे सुधारले. शेतीच्या अवजारांचा पाठ चालू असताना मी फळ्यावर एक आकृती काढली आणि खाली ‘कुळव’ असे लिहिले. मी शहरात वाढलेला. वर्गात कुजबुज सुरू झाली, मग खसखस पिकली, आणि तो मुलगा मागच्या रांगेतून म्हणाला, “गुर्जी, त्यो कुळव न्हाई, पाभर हाय. त्याला चाडं हाय की.” बी पेरण्याचे चाडे व नळ्या पाभरीला असतात, आणि ढेकळे फोडून जमीन सारखी करण्याची आडवी पास कुळवाला असते, हे मला त्या दिवशी कळले. मी त्याच्या हाती खडू दिला. त्याने दोन्ही आकृत्या काढल्या, नावे लिहिली, आणि मी मोठ्याने वाचताना पुन्हा घोटाळा केला तेव्हा सारा वर्ग पोट धरून हसला, तोही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने धडा वाचला. ‘पानी’ असेच वाचले. मी ते त्या दिवशी तसेच राहू दिले.

हसू तेच, मुले तीच. फरक एवढाच की, पहिल्या वेळी ते वरून खाली गेले आणि दुसऱ्या वेळी खालून वर आले. चिं. वि. जोशी (1892–1963) हे बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते. त्यांनी महाराष्ट्राला जे हसविले, त्यातील युक्ती हीच आहे. त्यांचा चिमणराव आपल्या फजितीच्या हकीकती स्वतःच सांगतो, म्हणून वाचक त्याला हसतो आणि त्याच्यावर लोभही करतो. शिक्षकाने आपली फजिती वर्गाला दाखविली तर त्याचा मान उणा होतो, ही भीती निराधार आहे. ज्याला मान आहे त्यालाच ही चैन परवडते.

मुलाला हिणविणे ही आता केवळ शिष्टाचाराची बाब राहिलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या कलम 17 अन्वये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रासासही मनाई आहे. टोपणनावे पाडणे, जातीवरून, अंगकाठीवरून वा तोतरेपणावरून शेरे मारणे, हे छडी खाली ठेवून जिभेने मारण्यासारखेच होय.

शिक्षकांच्या आपापसातील थट्टेचेही असेच. दोनशिक्षकी शाळेत एकाच माणसासोबत वर्षानुवर्षे काढावयाची असतात. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरण्यासाठी टेकाडावर चढून मोबाइलची रेंज शोधणे, या गोष्टी हसण्यावारी नेता आल्या नाहीत तर माणूस चिडखोर होतो, आणि ती चीड शेवटी मुलांवर निघते. परंतु मुख्याध्यापक थट्टा करतात तेव्हा सहाय्यकाला हसावेच लागते. तेथे हसू आले म्हणून थट्टा रुचली असे समजू नये. स्त्रीसहकाऱ्यांसमोर लैंगिक अर्थाची शेरेबाजी करणे हा 2013 च्या अधिनियमाप्रमाणे कामाच्या ठिकाणचा छळ ठरतो. ‘गंमत केली’ हा त्यावर बचाव नाही.

आता प्रत्यक्ष अध्यापनाविषयी. 1977 साली अमेरिकेत कॅप्लन व पॅस्को या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गटांना एकाच विषयावरील व्याख्याने निरनिराळ्या प्रकारे ऐकविली: कोठे विनोद नाही, कोठे विषयाशी निगडित विनोदी उदाहरणे, तर कोठे विषयाबाहेरचे विनोद. लगेच घेतलेल्या परीक्षेत विनोदाचा विशेष लाभ दिसला नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा जे मुद्दे विनोदी उदाहरणांनी समजाविले होते, ते अधिक लक्षात राहिल्याचे आढळले. तात्पर्य, धड्याआधी एक चुटका सांगून मग रुक्षपणे शिकविण्यात फारसे हशील नाही. हसू मुद्द्याच्या पोटातच असावे.

शुद्धलेखनातील ह्रस्वदीर्घ घ्या. नियम दहा वेळा सांगून जे साधत नाही, ते फळ्यावर ‘शिक्षक दिन’ आणि ‘शिक्षक दीन’ असे शेजारी लिहिल्याने साधते. पहिला 5 सप्टेंबरला येतो; दुसरा महिनाअखेरीस येतो, असे सांगितले की वेलांटी मुलांच्या कायमची लक्षात राहते.

सातवीतील व्यस्त प्रमाणाचेही तसेच. 6 मजूर एक भिंत 4 दिवसांत बांधतात, तर 24 मजूर ती 1 दिवसात बांधतील, येथपर्यंत मुले यांत्रिकपणे येतात. मग विचारावे: रोज 8 तास काम धरले, तर तीच भिंत एका मिनिटात बांधावयास किती मजूर लागतील? मुले गुणाकार करतात आणि 11,520 असे उत्तर येते. येथे शिक्षकाने गप्प राहावे. थोड्या वेळाने कोणीतरी विचारतेच की, एवढी माणसे उभी कोठे राहणार, विटा कोण देणार, आणि चुना एका मिनिटात कसा वाळणार? हशा पिकतो, आणि त्या हशातच गणिताच्या नियमाला व्यवहाराची मर्यादा असते, ही गोष्ट मुलांनी स्वतः शोधून काढलेली असते. पाठ्यपुस्तकातील मजूर खरे नसतात, हे मुलांना आधीपासून ठाऊक असते. आपण ते मान्य केल्याचा त्यांना आनंद होतो.

हा पाठ चालू असतानाच एकदा एक अधिकारी शाळेस भेट देण्यास आले. बारा हजार मजुरांना जेवण कोण घालणार, यावर वर्गात वाद चालला होता. त्यांनी शेरेपुस्तकात लिहिले, ‘सातवीच्या वर्गात गडबड आढळली.’ तो शेरा अद्याप तेथे आहे. त्याखाली मी दिनांक घालून ‘गणित, व्यस्त प्रमाण’ एवढे लिहून ठेवले.