विश्लेषण : ‘अर्गोनॉमिक’ खुर्ची नेमकी कुठे बिघडते? डिझाइन आणि अपहोल्स्ट्री एकत्र शिकवण्याची गरज का?

घरून काम सुरू झाले तेव्हा घाईघाईत घेतलेली माझी ‘अर्गोनॉमिक’ खुर्ची दोन वर्षांत बसली. म्हणजे तिची सीट बसली. उंची कमी-जास्त करण्याची कळ, कमरेचा आधार, हातांचे पॅड सगळे शाबूत होते; पण मांड्यांखाली फळीची कड टोचू लागली. गल्लीतल्या सोफा दुरुस्त करणाऱ्या काकांनी कापड उचकटले, फोम दोन बोटांत दाबला आणि शेजारच्या किराणा दुकानातून वजनकाटा मागवला. २० बाय २० इंच, ४ इंच जाड असा तो तुकडा. भरला जेमतेम ६०० ग्रॅम. काकांनी मान हलवली, विषय संपला.

मी इंजिनीअरिंग केले आहे. चार वर्षांत यंत्रांच्या सुट्या भागांची ढीगभर ड्रॉइंग काढली, पण ज्यावर माणूस बसणार आहे असा एकही भाग त्यात नव्हता. काकांनी उलट शेकडो खुर्च्या उघडल्या आहेत, पण ड्रॉइंग कधी हातात घेतलेले नाही. चांगली खुर्ची या दोन ज्ञानांच्या मधोमध तयार होते. हा मधला भाग आपल्याकडे शिकवतात का?

‘अर्गोनॉमिक’ म्हणजे नक्की काय?

वस्तू माणसाच्या शरीराला आणि कामाला जुळवून घेणे. माणसाने वस्तूला जुळवून घ्यायचे नाही. जाहिरातीत मात्र जाळीची पाठ आणि चाके असली की खुर्ची अर्गोनॉमिक ठरते. वर्गात हा विषय मोजपट्टीपासून सुरू होतो. गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतची उंची, पाठीपासून त्या खोबणीपर्यंतची मांडीची लांबी, बसल्यावर नितंबांची रुंदी, कोपराची उंची. विद्यार्थी एकमेकांची मापे घेतात आणि पहिल्याच दिवशी ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मोडीत निघते.

कारण प्रत्येक मापासाठी वेगळा माणूस समोर धरावा लागतो. उंची स्थिर असलेल्या खुर्चीची सीट बुटक्या माणसाला बेतून ठरते. उंच माणूस पाय पुढे पसरू शकतो, पण बुटका माणूस जमीन वर आणू शकत नाही. सीटची खोलीही आखूड मांडीवर ठरते, म्हणजे गुडघ्यामागे दोन-तीन बोटे जागा उरते. रुंदी मात्र सर्वांत रुंद माणसाची. यालाच पर्सेंटाइलचा हिशेब म्हणतात. हीच गरज ओळखून १९९४ साली आलेली हर्मन मिलरची ‘एरॉन’ ही खुर्ची ए, बी, सी अशा तीन मापांत बनवली गेली, बुटांसारखी. तिच्या सीटमध्ये फोमच नव्हता, फक्त ताणलेली जाळी होती.

मापे कोणाची घ्यायची?

अनेक वर्षे आपल्याकडचे डिझायनर अमेरिकी आणि युरोपीय तक्ते वापरत. भारतीय शरीरांच्या मापांचे देबकुमार चक्रवर्ती यांचे संदर्भपुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने, म्हणजे एनआयडीने, १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. डिझाइनच्या वर्गांत आजही ते उघडले जाते. अर्थात तक्त्यात सगळे मावत नाही. आपण खुर्चीवरही मांडी घालून बसतो, आणि हातांचे पॅड नेमके तिथेच गुडघ्यांना आडवे येतात.

ड्रॉइंगवर ४२०, प्रत्यक्षात किती?

खरी गफलत इथे होते. विद्यार्थी सीटची उंची ४२० मिलिमीटर काढतो. माणूस बसतो, फोम दबतो. किती दबेल हे फोमवर, त्याखालच्या पट्ट्यांवर किंवा स्प्रिंगवर आणि कापडाच्या ताणावर अवलंबून असते. तीन-चार सेंटिमीटर गेले तर कोपराची उंची बदलते, कमरेचा आधार चुकीच्या मणक्यावर येतो. म्हणजे काटेकोर काढलेले माप अपहोल्स्ट्रीवाल्याच्या हातात गेल्यावर बदलते. ते कसे बदलणार हे दोघांपैकी एकालाच माहीत असते.

फोमचेच बघा. दुकानात ‘४० डेन्सिटी’ म्हणतात, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो. ती घनता आहे, कडकपणा नाही. दोन फोम एकाच घनतेचे असूनही एक मऊ, एक टणक असू शकतो. घनता जास्त असेल तर फोम सहसा जास्त वर्षे टिकतो, कडकपणावर बसण्याचा अनुभव ठरतो. माझ्या खुर्चीचा हिशेब मी घरी येऊन केला : २० बाय २० बाय ४ इंचांचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण १ किलो ५० ग्रॅम भरायला हवा, ३२ चा असेल तर ८४० ग्रॅम. माझा निघाला सुमारे २३ चा. काकांनी हे एका आकड्याशिवाय ओळखले होते. (काही फोममध्ये खडूची पूड घालून वजन वाढवलेले असते, तेवढे लक्षात ठेवा. दाबल्यावर तो सावकाश, आळसावून वर येतो का ते बघा.)

हाताला शिकवायचे ते काय?

जुनी खुर्ची उलगडणे हा अपहोल्स्ट्रीचा सर्वांत चांगला धडा. टाके उसवत, पिना काढत, एकेक थर क्रमाने बाजूला ठेवायचा. फाटलेले कव्हर फेकायचे नसते, तेच नव्या कापडाचा फर्मा असते. मग पट्टे ताणणे, एकाखालून एक विणणे. कापड ठोकताना सुरुवात कोपऱ्यातून नाही, प्रत्येक बाजूच्या मध्यापासून. आधी समोर-मागे, मग डावे-उजवे, कोपरे शेवटी. नाहीतर सुरकुती एका बाजूला सरकते आणि तिथेच राहते. मखमलीची लव सगळ्या तुकड्यांवर एकाच दिशेला हवी. रेक्झिनच्या सीटला खालून हवेची वाट नसेल तर बसल्यावर हवा शिवण फाडून बाहेर येते. यातले काहीही व्हिडिओ पाहून येत नाही. ताण किती हे बोटांना कळावे लागते.

मग हे शिकायचे कुठे?

डिझाइनची बाजू एनआयडी आणि आयआयटी मुंबईचे १९६९ पासूनचे आयडीसी अशा मोजक्या संस्थांत आहे, पण तिथे प्रवेश मर्यादित. हाताच्या बाजूला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकता येते आणि फर्निचर क्षेत्राची स्वतंत्र कौशल्य परिषदही आहे. तरी ओशिवरा किंवा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले बहुतेक हात उस्तादाकडेच तयार होतात.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. यादीत सुतार आहे, शिंपी आहे, काथ्या विणणाराही आहे. सोफा-खुर्ची मढवणारा नाही. लाकूड, शिवण आणि भरण ही तिन्ही कामे करणारा माणूस या तीन नोंदींच्या फटीत पडतो. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. काकांना मी त्याबद्दल सांगितले. प्रमाणपत्राने गिऱ्हाईक वाढेल का, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझ्या मते उपाय फार महाग नाही. डिझाइनच्या मुलांना एक सत्र कारागिराच्या दुकानात बसवायचे आणि कारागिराला आठवडाभर मापांचे तक्ते वाचायला शिकवायचे. मात्र कारागिराला त्या दिवसांची मजुरी आणि शिकवल्याचे मानधन दोन्ही मिळाले पाहिजे, फुकट ‘भेट’ नको.

माझ्या खुर्चीत काकांनी ४० चा नवा फोम घातला. तो जुन्याइतका दबेना, सीट वर आली आणि कळ अगदी खाली नेली तरी माझ्या टाचा टेकेनात. मी फोन केला. काकांनी खुर्ची परत मागवली, कापड उघडले आणि एक इंचाचा थर कापून काढला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.