काठी कोणत्या हातात धरावी?

गुडघेदुखीचे पेशंट तपासायला आले की मी आधी त्यांची काठी बघतो. उजवा गुडघा दुखतोय आणि काठीही उजव्याच हातात, हे नेहमीचं दृश्य. ‘जिथे दुखतं तिथेच आधार नको का?’ असं ते विचारतात. वाटतं तसं खरं, पण काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते.

उजव्या पायावर भार येतो तेव्हा कमरेची डावी बाजू खाली झुकू नये म्हणून उजव्या खुब्याचे स्नायू जोर लावतात. त्या जोराचा ताण सांध्यावर पडतो. डाव्या हातातली काठी तीच बाजू तोलून धरते आणि ताण कमी होतो. शिवाय चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात आपोआप पुढे जातोच. म्हणून काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे टाका, मग चांगला पाय. सवय व्हायला थोडे दिवस लागतात.

आता उंची. रोजच्या चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. माप दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा. स्वतः वाकून बघितलंत तर चुकणारच. काठी उंच असेल तर खांदा वर चढतो, बुटकी असेल तर तुम्ही पुढे झुकता. घरात आजोबांची काठी जपून ठेवलेली असते, तीच आजीच्या हातात दिली जाते. भावना समजते, पण आजोबा आजीपेक्षा उंच होते ना? लाकडी काठी सुताराकडून कापून घेता येते. मात्र माप खालचं रबरी बूच बसवूनच घ्या.

हे बूच सगळ्यात दुर्लक्षित. महिन्यातून एकदा काठी उलटी करून बघा. खालच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या फरशीवर काठी सटकणार. नवीन बूच औषधांच्या किंवा सर्जिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतं.

चार पायांची काठी जास्त स्थिर असते, पण चारही पाय जमिनीवर टेकल्याशिवाय तिच्यावर भार देऊ नका. दोन्ही पायांत जोर नसेल किंवा तोलच जात असेल तर काठीचा हट्ट सोडून वॉकर घ्या.

जिना चढताना चांगला पाय आधी, मग दुखरा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. दुसऱ्या हाताने कठडा धरा. बाथरूममध्ये भिंतीला पक्का दांडा बसवून घ्या. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही.

काठी घेण्याआधी ती का लागतेय हे मात्र तपासून घ्या. उठताना चक्कर येते का, मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेत का, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलली आहे का, वर्षभरात कधी पडलात का, हे सगळं डॉक्टरांना सांगा. आणि एका बाजूचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर काठी शोधत बसू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.